घराच्या आवारातली झाडं आणि बाग: नियम काय आणि काम कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरांत बंगला, रो-हाऊस किंवा सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आहेत. फी, अर्जाचा नमुना आणि पोर्टल दर पालिकेचं वेगळं असतं, मूळ कायदा मात्र एकच. गावात किंवा गोव्यात घर असेल तर शेवटचे दोन प्रश्न आधी वाचा.

झाड माझ्या जागेत आहे, मीच लावलंय. तोडायला परवानगी कशाला?

कारण 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' हा कायदा जागा कोणाची ते बघत नाही. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत झाड रस्त्यावर असो, सरकारी कचेरीत असो की तुमच्या परसात, वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. लाकूड तुमचं, फळं तुमची, पण तोडायचं की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दात झाड जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे बुंध्याची साल गोल काढणं, मुळाशी अ‍ॅसिड किंवा तणनाशक ओतणं, बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग भरणं, हे 'तोडलं नाही, आपोआप वाळलं' म्हणून खपत नाही. एकाच बाजूने वाळलेलं झाड आणि बुंध्याला ड्रिलचं भोक दिसलं, की पाहणीला आलेल्या माणसाला गोष्ट कळते. २०२१ च्या सुधारणेनंतर दंड एका झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

नुसत्या फांद्या छाटायच्या आहेत. त्यालाही अर्ज?

हो. मोठ्या फांद्या काढायच्या असतील तर अर्ज कराच. हाताच्या कात्रीने निघणाऱ्या काड्या, जास्वंद-मोगऱ्याची छाटणी, मेंदीचं कुंपण सारखं करणं, नारळाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवणं, यासाठी कोणी अर्ज मागत नाही. करवत लावावी लागणार असेल तर कागद हातात हवा, एवढं धरून चाला.

पावसाळ्याआधी पालिका रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करते. ती तुमच्या कंपाउंडच्या आतल्या झाडांची करेल असं गृहीत धरू नका. खासगी आवारातल्या झाडाची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. काही पालिका ठरलेला दर भरून घेऊन आपल्या कंत्राटदाराकडून छाटून देतात. अर्ज करतानाच त्याची चौकशी करावी.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

उद्यान विभागाकडे, क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात, किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर. सोबत साधारण हे लागतं:

मालकीचा पुरावा (मालमत्ता कराची पावती चालते, सोसायटी असेल तर लेटरहेडवर अर्ज आणि समितीचा ठराव), झाडाची जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजलेला बुंध्याचा घेर, अंदाजे उंची, झाड नेमकं कुठे आहे ते दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, आणि फोटो. फोटो किमान चार: पूर्ण झाड, बुंधा, अडचणीची जागा (भिंतीची भेग, छपराला टेकलेली फांदी, वाळवी) आणि झाडाभोवतीची जागा.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा कारणाच्या रकान्यामुळे. 'कचरा होतो', 'पानं पडतात', 'पार्किंगला अडचण' ही कारणं लिहून परवानगी मिळत नाही, आणि मिळूही नये. 'पूर्वेकडची १० इंच जाडीची फांदी पोकळ असून शेडवर झुकली आहे, फोटो क्र. ३' असं लिहिलं तर पाहणीला आलेला माणूस नेमकं तेच बघतो. सरसकट 'झाड छाटून मिळावे' असं लिहू नका. कोणत्या फांद्या, किती आणि का, ते लिहा.

तोडण्याचा अर्ज असेल तर पाहणीनंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि झाडावरही नोटीस लागते. हरकतींची मुदत नोटिशीतच छापलेली असते. झाडावरचा तो कागद फाडू नका. शेजाऱ्याने हरकत घेतली तर तो फोटो काढून दाखवेल, की कागद लावलाच नव्हता.

या सगळ्याला वेळ लागतो. मे महिन्यात करायच्या कामाचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत टाकावा. मे उजाडला की सगळं शहर एकदम जागं होतं.

परवानगीचं पत्र आलं. उद्याच माणसं बोलावू?

तोडण्याची परवानगी असेल तर नाही. परवानगी दिल्यापासून १५ दिवस झाड तोडता येत नाही. ही मुदत हरकत घेणाऱ्याला वर दाद मागता यावी म्हणून आहे. पत्रावरची तारीख बघा आणि दिवस मोजा.

तोडणाऱ्या माणसाकडे पत्राची झेरॉक्स असू द्या, कामाच्या दिवशी गेटवरही एक लावा. आणि झाडाला चुन्याने किंवा रंगाने खूण करा. पाच अशोकांपैकी 'डावीकडून दुसरा' असं तोंडी सांगितलेलं काम चुकतं, कारण तुमचं डावं गेटमधून आत येताना असतं आणि त्याचं घराकडे पाठ करून.

एका झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची?

पूर्वी सरसकट दोन-तीन असा हिशेब असे. २०२१ च्या सुधारणेनंतर तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जितकं वय, तितकी झाडं. ३० वर्षांचा गुलमोहर गेला तर ३० रोपं, तीही ६ ते ८ फूट उंचीची, आणि पुढे सात वर्षं सांभाळायची. वय वृक्ष अधिकारी जात आणि घेरावरून ठरवतो. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं आणि त्याची छाननी जास्त कडक होते.

अर्ध्या गुंठ्याच्या बंगल्यात ३० झाडं बसत नाहीत हे सगळ्यांना दिसतं. अशा वेळी पालिका जागा सुचवते किंवा रक्कम भरून घेते. अनेक ठिकाणी अनामतही घेतात. ती परत हवी असेल तर लावलेल्या रोपांचे तारखेसह फोटो दर सहा महिन्यांनी काढून ठेवा.

झाड पूर्ण वाळलंय. त्यालाही हीच प्रक्रिया?

अर्ज करावाच लागतो, पण मेलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं किंवा जीविताला धोका असलेलं झाड तोडायची परवानगी नाकारता येत नाही, असं कायदाच म्हणतो.

आधी ते खरंच मेलंय का ते बघा. पानगळीत पांगारा, सावर, बहावा ही झाडं हुबेहूब मेल्यासारखी दिसतात. नखाने फांदीची साल खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत आहे. बोटाएवढ्या चार-पाच फांद्यांवर, वेगवेगळ्या बाजूंना हे करा. सगळीकडे तपकिरी आणि कोरडं निघालं, फांदी कडकन मोडली, तरच अर्ज लिहायला घ्या.

रात्रीच्या वादळात झाड घरावर झुकलंय. आता अर्ज करत बसू?

आता अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मुंबईत असाल तर पालिकेच्या १९१६ वरही. झाड विजेच्या तारेवर टेकलं असेल तर जवळ जाऊ नका, कुंपणाच्या ओल्या जाळीलाही हात लावू नका. आधी वीज कंपनीला कळवा. महावितरणचा क्रमांक १९१२. तार बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय अग्निशमनचे जवानही फांदीला हात लावत नाहीत.

जमल्यास फोटो काढून ठेवा: मुळं उचलली गेल्याची भेग, झुकलेला बुंधा. दुसऱ्या दिवशी उद्यान विभागाला लेखी कळवून पोच घ्या. पुढे कोणी विचारलं तर तोच तुमचा आधार.

मोठ्या पावसाआधी एक नजर टाकायची सवय लावून घ्या. बुंध्याच्या एका बाजूला मातीला नवी भेग आणि दुसऱ्या बाजूला माती फुगलेली दिसली तर झाड हलतंय. बुंध्याच्या तळाशी छत्रीसारखी किंवा फळीसारखी कडक बुरशी आली असेल तर आतून कुजतंय. ही दोन लक्षणं दिसली की वाट बघू नका. सोसायटीला आधी कोणी लेखी कळवलेलं असेल आणि समितीने काहीच केलं नसेल, तर झाड गाडीवर पडल्यावर 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून हात झटकणं अवघड जातं.

छाटणी नीट झाली की नाही हे कसं ओळखायचं?

वाईट छाटणी खालून दिसते: सालीची लोंबलेली पट्टी, फूट-फूट लांबीचे ठोंब, आणि वरून सपाट कापलेला शेंडा.

मनगटापेक्षा जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा काप त्याच्या दोन इंच पुढे, वरून आरपार. फांदी आपल्या वजनाने मोडून पडते आणि साल खालच्या कापापाशी थांबते. उरलेला फूटभराचा ठोंब तिसऱ्या कापात काढायचा. फांदी बुंध्याला जुळते तिथे सुरकुतलेली, किंचित फुगीर कड असते. ती कड शाबूत ठेवून तिच्या लगेच बाहेरून कापायचं. जखम भरणाऱ्या पेशी त्याच कडेत असतात. कड कापली तर जखम मिटत नाही, आणि ठोंब ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो.

पहिला खालचा काप टाळून वरूनच कोयता चालवला, की अर्धवट कापलेली फांदी खाली येताना बुंध्याची तीन-चार फूट साल सोलून नेते. पुढच्या पावसात तिथून किडे आणि बुरशी शिरते. पाच-सात वर्षांनी झाड पडतं, तेव्हा ही छाटणी कोणाला आठवतही नाही.

एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानोरा काढू नका. शेंडा छाटून झाड 'बुटकं' करण्याचा आग्रह तर धरूच नका. शेंडा कापलेल्या जागी झाडूसारख्या आठ-दहा काटक्या फुटतात, त्या वरवर चिकटलेल्या असतात आणि दोन-तीन वर्षांत पहिल्या वादळात त्याच मोडतात. ज्या भीतीपायी छाटलं तीच वाढते. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर तोल जातो. गॅलरीकडची बाजू सफाचट केलेलं झाड रस्त्याकडे कलणार.

आंब्याच्या मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी बादली मोरचुदाने खाल्ली जाते. मिश्रण त्याच दिवशी वापरा. ऑइलपेंट किंवा डांबर फासू नका, त्याखाली ओल अडकते.

नारळाच्या हिरव्या, आडव्या रेषेच्या वर असलेल्या झावळ्या तोडू देऊ नका. माणूस वर चढलाच आहे तर 'साफ' करून टाकतो, आणि पुढची दोन वर्षं नारळ कमी लागतात.

फांदीवर घरटं आहे. चालेल?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणंही येतं. कावळे मे-जूनमध्ये घरटी करतात, बगळे आणि वंचक पावसाळ्यात वसाहतीच करतात. म्हणून छाटणी शक्यतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. काम सुरू करण्याआधी झाडाखाली पांढरी विष्ठा किंवा काड्या पडल्यात का, तेवढं बघा.

शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आमच्या गच्चीवर आली आहे. आम्ही कापू शकतो का?

तुमच्या हद्दीवर येणारी फांदी सहन करायला तुम्ही बांधील नाही, हे दिवाणी कायद्यात जुनंच आहे. पण १९७५ चा कायदा तुम्हालाही लागू होतो. त्यामुळे क्रम असा: आधी बोला, मग लेखी कळवा, मग फोटो जोडून उद्यान विभागाकडे अर्ज. पाहणीला दोघांनाही बोलवा. कापायची ती हद्दीच्या रेषेपर्यंत नव्हे, तर वर सांगितलं तसं फुगीर कडेच्या बाहेरून, म्हणजे शेजाऱ्याच्या जागेत शिरून. त्यासाठी त्याची संमती लागते, म्हणूनच आधी बोलायचं.

त्या फांदीवरचे आंबे? झाडाच्या मालकाचे. कोकणात यावरून दोन पिढ्या अबोला चालल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आवारात पेव्हर ब्लॉक बसवतोय. झाडाभोवती किती जागा सोडायची?

केंद्र सरकारच्या २०१४ च्या शहरी हरित मार्गदर्शक तत्त्वांमध्ये १.२५ मीटर × १.२५ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. ही किमान अंतरं झाली. मोठ्या वडा-पिंपळाला, रेन ट्रीला याहून जास्त लागते.

पाणी आणि हवा घेणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. झाडाचं मूळ जमिनीत खोल सरळ जातं, हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोक्यातून काढून टाका. पेव्हर बसवताना आधी फूटभर खोदतात, खडी आणि क्रश सँड टाकून कॉम्पॅक्टर फिरवतात. नुकसान ब्लॉकपेक्षा या खोदाईने आणि दाबण्याने होतं. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं आणि मग 'कीड लागली' असं निदान होतं.

आधीच बसवलेले ब्लॉक काढायचे असतील तर जेसीबी आणि ब्रेकर लांब ठेवा. पहारीने एकेक ब्लॉक उचला. खालची खडी हाताने काढा, वरचा दोन-तीन इंचांचा थर खुरप्याने सैल करा, दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा आणि वर वाळक्या पानांचा तीन इंच थर द्या. पानं बुंध्याला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. कडेला वीट उभी लावायची तर मातीवरच ठेवा, सिमेंटचा पाया घेऊ नका.

झाडाभोवती कट्टा बांधून त्यात दोन फूट लाल माती भरणं ही दुसरी आवडती चूक. बुंध्याची साल मातीखाली राहण्यासाठी नसते, ती कुजते. कट्टा हवाच असेल तर पोकळ ठेवा. बसायची सोय होते आणि झाडही जगतं.

पाइपलाइनचा चर खोदायचा असेल तर बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे एक फूट अंतर सोडा: १२ इंच व्यासाच्या झाडापासून १२ फूट. तेवढी जागा नसेल तर मुळांच्या खालून आडवं भोक घ्या.

झाडावर लाइटिंग आणि सोसायटीचा बोर्ड लावला तर?

खिळा ठोकणं ही कायद्याच्या भाषेत इजा आहे. पुण्यातून सुरू झालेल्या 'खिळेमुक्त झाडं' मोहिमेनंतर पालिकाही याकडे बघायला लागल्या आहेत. दिवाळीची माळ सुतळीने सैल बांधा आणि महिन्यात काढा. वर्षानुवर्षं राहिलेली तार सालीत रुतते आणि बुंधा गळा आवळल्यासारखा दिसतो. रुतलेली तार ओढू नका. जिथे मोकळी आहे तिथे दोन-तीन ठिकाणी तोडा, बाकीची झाड आत घेतं.

पालापाचोळा जाळला तर काय होतं?

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवून आवारातच साठवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. घंटागाडीवाला फांद्या घेत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नका. बऱ्याच पालिकांची बागेच्या कचऱ्याची गाडी वेगळी असते, फोन करून बोलवावी लागते.

पानांचं खत करणं सगळ्यात सोपं. तीन फूट व्यासाची आणि चार फूट उंचीची जाळी गोल करून तारेने बांधा, झाडाच्या सावलीत थेट मातीवर उभी करा. सहा इंच वाळकी पानं, त्यावर ताज्या शेणाचं पाणी (बादलीभर पाण्यात दोन ओंजळी शेण), नसेल तर आंबट ताक, मग पुन्हा पानं. प्रत्येक थर पायाने दाबा. ओल किती? मूठभर पानं पिळली तर हाताला ओल लागावी, थेंब पडू नये. पंधरा दिवसांनी उलटापालट करा. चार ते सहा महिन्यांत तळाशी काळं, भुसभुशीत खत मिळतं.

बिघडतं ते दोन कारणांनी. कोरडं पडलं तर काहीच होत नाही, वर्षभर पानं तशीच राहतात. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी एक बादली पाणी हवंच. दुसरं, आंबा आणि फणसाची जाड पानं एकावर एक चिकटून पत्र्यासारखी बसतात आणि मधे हवा जात नाही. ती आधी चुरा, लॉनमोअर फिरवला तरी चालतं. वास आला तर पाणी जास्त झालंय, कोरडी पानं मिसळा. स्वयंपाकघरातलं शिजवलेलं अन्न यात टाकू नका. घुशी येतात आणि मग समितीच्या सभेत खताचा विषय कायमचा बंद होतो.

कुंड्यांतल्या पाण्यासाठी पालिका खरंच दंड करते?

करते, मुंबईत तर नियमित. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. कुंडीखालच्या बशा नुसत्या उपड्या करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. बशी काथ्याने घासा, किंवा तिच्यात वाळू भरा. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडा, बहुतेक ठिकाणी पालिकेच्या हिवताप विभागाकडे मिळतात. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी विसरू नका, तपासणीला आलेला माणूस आधी तिथेच टॉर्च मारतो.

लॉनला पिण्याचं पाणी वापरता येतं का?

टंचाईत पालिका बंदी घालते, आणि ती घालते तेव्हाच लॉन पाणी मागतं. एप्रिल-मे महिन्यात पुण्या-नागपूरकडच्या उन्हात एका चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर लागतं. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे रोजचे साडेचारशे लिटरच्या वर. सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी असेल तर ठीक. नसेल तर आमचा सल्ला: बंगल्यात लॉन दोनशे चौरस फुटांपेक्षा मोठं करू नका. उरलेल्या जागेत झाडाखाली पानांचं आच्छादन करा. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, पण पहिल्या पावसात परत येते. ती मेली समजून मे महिन्यात उकरून नवीन लॉन टाकायला सांगणारा माळी आपला धंदा बघतोय.

कुठलं झाड भिंतीपासून किती लांब?

वड, पिंपळ, उंबर, रेन ट्री: इमारतीपासून किमान ३० फूट. नसेल तेवढी जागा तर लावूच नका. आंबा, जांभूळ, कडुलिंब, करंज: १५ ते २० फूट. बकुळ, तामण, बहावा, कांचन: १० ते १२. पारिजातक, कढीपत्ता, अनंत: ५ फूट पुरे. सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून मोठं झाड लांबच ठेवा. मुळं चांगला, न गळणारा पाइप फोडत नाहीत, ती आधीच गळणाऱ्या जोडातून आत शिरतात. चेंबरमध्ये मुळांचा बुचका सापडला तर आधी पाइप बदला, झाडाला दोष नंतर द्या.

गुलमोहर आणि सोनमोहर दिसायला देखणे, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. गाड्यांच्या वर नकोत. भिंतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावा. नुसता वरून तोडला तर तो दुप्पट जोराने येतो.

मोठ्या झाडाला तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्यमला दोन फूट. खड्डा मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्या. निघालेल्या मातीत एक तृतीयांश शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. रोपाची काळी पिशवी कापून काढा. हे सांगावं लागतं, कारण पाच वर्षांनी उन्मळलेल्या झाडांच्या मुळाशी ती पिशवी सापडते.

कुंपण किती उंच चालेल?

मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार पुढची भिंत रस्त्याच्या मध्यापासून मोजून दीड मीटर, आणि वरचा ०.९ मीटर जाळीचा असेल तर २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणापाशी १० मीटरपर्यंत भिंत ०.७५ मीटरच, वरचा भाग आरपार दिसणारा. मेंदी किंवा बोगनवेल लावून तीच नजर अडवली तर भिंत कमी ठेवून काय मिळालं? वळणावर रोपं कमरेएवढीच ठेवा. इमारतीभोवतीचं सामासिक अंतरही मोकळं ठेवायचं असतं, तिथे बागेच्या नावाखाली पक्की शेड उभी करता येत नाही.

सोसायटीत तळमजल्याला घर आहे. समोरची जागा बाग म्हणून घेऊ?

रोपं लावा, समितीला विचारून. जाळी ठोकून, गेट बसवून नाही, ती जागा सामाईक आहे. गच्चीचंही तेच.

खिडकीच्या छज्जावर कुंड्या ठेवण्याआधी वजन करा. १२ इंची कुंडी पाणी घातल्यावर २५ ते ३० किलो भरते. अशा आठ म्हणजे दोन क्विंटलच्या वर, आणि छज्जा पाऊस अडवायला असतो. कोकोपीट, शेणखत, माती समप्रमाणात घेतलं तर वजन बरंच कमी होतं. गच्चीवर कुंड्या विटांवर ठेवा, खालून पाणी वाहू द्या. वॉटरप्रूफिंग उखडतं ते कुंडीखाली सतत साचलेल्या ओलीने.

बागेत साप दिसला.

अंतर ठेवा, नजर ठेवा, वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. मारणं गुन्हा आहे. विटांचे ढीग आणि भंगार हलवलं की येणं कमी होतं.

घर ग्रामपंचायत हद्दीत आहे.

तिथे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम बघा. त्यात अनुसूचित झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, फणस, हळदू, बीजा, ऐन आणि तिवर. यातलं काहीही परसात असलं तरी परवानगी वन किंवा महसूल खात्याकडून, ग्रामसेवकाच्या दाखल्यावर भागत नाही. हद्दवाढीत गाव महापालिकेत गेलं असेल तर १९७५ चा कायदा लागू होतो. सातबाऱ्यावर अजून शेती लिहिलेली असली तरीही.

आणि गोव्यात?

तिथे १९८४ चा वेगळा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि वृक्ष अधिकारी वन खात्याचा असतो. २०१६ मध्ये माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि माड परत कायद्यात आला. त्यामुळे 'माडाला परवानगी लागत नाही' असं कोणी सांगितलं तर त्याची माहिती त्याच काळातली आहे असं समजा आणि कोयता उचलण्याआधी वन खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा.